पहिल्या क्रमांकावरून लिहितोय : टेक्स्ट गेमच्या यादीवाल्यांना खुलं पत्र

आपल्या नाशिकच्या टेक्स्ट गेम यादीचं काम बघणाऱ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

क्रमवारीबद्दलची तक्रार सहसा खालून येते. सतराव्या नंबरचा ओरडतो आणि पहिल्या नंबरचा गप्प बसून चहा पितो. तुमच्या यादीत चित्रांविना, नुसता मजकूर वाचून खेळायचे गेम मतांवर वर-खाली होतात. त्यात दोन महिने पहिल्या क्रमांकावर बसलेला ‘पाणी चढतंय’ हा गेम माझा आहे. तो तिथे कसा पोचला हे मला चांगलंच ठाऊक आहे, कारण पोचवणारा मीच.

माझ्या मावसभावाचा कॉलेज रोडला अकरावी-बारावीचा क्लास आहे. क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याने माझी लिंक टाकली आणि खाली लिहिलं, ‘दादाच्या गेमला सकाळ-संध्याकाळ मत द्या.’ तुमचा नियम दर बारा तासांनी एक मत असा. मुलं गुणी, त्यांनी दिली. माझ्या गेमच्या पहिल्या पानावर किती जण येतात याची मोजणी मी ठेवतो. ज्या आठवड्यात तुमच्याकडे माझ्या नावावर तीनशेच्या वर मतं पडली, त्या आठवड्यात पहिलं पान उघडणारे होते एकेचाळीस. शेवटच्या पानापर्यंत पोचले नऊ. बाकीच्यांनी काय बघून मत दिलं? माझ्या मावसभावाचा चेहरा.

दुसरी गोष्ट सांगायला जास्त लाज वाटते. गेममधला पोऱ्या भांडी बाजारातल्या दुकानात कामाला असतो. गोदावरीचं पाणी चढत असतं आणि मालकाची वखार अंधारात असते. तिथे मी एक बटण ठेवलं होतं : ‘यादीत मत द्या, कंदील मिळवा.’ कंदील नसेल तर वखारीत चाचपडत जावं लागतं आणि चार चाली वाया जातात. म्हणजे मत दिलं नाही तर पोऱ्या बुडायची शक्यता जास्त. ही युक्ती काही माझी नाही. इंग्रजीतल्या मडवाल्यांनी, म्हणजे अनेकांनी एकाच वेळी खेळायचे टेक्स्ट गेम चालवणाऱ्यांनी, ती फार आधी वापरून गुळगुळीत केली. मत द्या, सोनं घ्या. मत द्या, ताकद वाढवा. १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी पहिला मड उभा केला तेव्हा याद्या नव्हत्या आणि मतंही नव्हती. पुढे गेम शेकड्यांनी झाले, नवा खेळाडू आणायचा तर यादीत वर दिसणं भाग पडलं, आणि यादीत वर दिसण्यासाठी खेळाडूंनाच रोज कामाला लावायची रीत पडली. आपण तीच रीत जशीच्या तशी उचलली. इथे सगळे मिळून पंचवीसएक गेम, तरीही.

आता तळाकडे बघू. यादीत खालून चौथा एक गेम आहे. अंबडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारी एक बाई, पहाटे साडेपाचची कंपनीची बस, आणि बस चुकली तर काय, एवढीच गोष्ट. तो बनवणारी मुलगी कोण हे मला माहीत नाही. गेमला पाऊण तास लागतो. मी तो तीनदा खेळलो आणि तिन्ही वेळा बसच्या थांब्यावर वेगळाच अडकलो. वाक्यं इतकी नेमकी आहेत की माझ्या गेममधली वर्णनं त्यानंतर मला फुगवलेली वाटायला लागली. त्या गेमला अकरा मतं आहेत. त्या मुलीच्या मावसभावाचा क्लास नसावा.

तुम्ही म्हणाल, लोकशाही आहे, लोकांनी तुला निवडलं. मंडळी, लोकांनी मला निवडलेलंच नाही. निवडण्यासाठी दोन गोष्टी समोर असाव्या लागतात. क्लासच्या मुलांसमोर एकच लिंक होती.

हे लिहायला मला बसवलं ते सातपूरच्या एका मित्राने. त्याला दिसत नाही. संगणकावर तो एनव्हीडीए लावतो, ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं आणि हा ऐकतो, माझ्या बोलण्याच्या दुप्पट वेगाने. चित्रांचे गेम त्याच्या उपयोगाचे नाहीत. टेक्स्ट गेम मात्र जगभरच्या अंध खेळाडूंचा हक्काचा अड्डा आहे. इथे तो आणि मी बरोबरीने खेळतो. बरोबरीने कसलं, तो माझ्यापेक्षा पुढेच असतो. तुमच्या यादीतला प्रत्येक गेम शेवटपर्यंत खेळलेला माणूस माझ्या माहितीत हा एकटाच. आणि त्याने आजवर एकही मत दिलेलं नाही. का? मत देण्याआधी तुमचं पान नऊ चौकोन दाखवतं आणि म्हणतं, ‘ट्रॅफिक सिग्नल असलेली चित्रं निवडा.’ आवाजाचा पर्याय तुम्ही ठेवलेला नाही. ज्या खेळात डोळ्यांची गरजच नाही, त्याच्या मतपेटीपुढे तुम्ही डोळ्यांची परीक्षा ठेवलीत. तो हसून सोडून देतो, मला तसं जमत नाही.

शिवाय ही चित्रं अडवतात कोणाला? क्लासच्या मुलांना नाही. त्यांना सिग्नल छान दिसतात.

दुसरा अडसर आयपी पत्त्याचा, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळणाऱ्या नंबरचा. एका पत्त्यावरून बारा तासांत एकच मत. कागदावर हे ठीक वाटतं. पण आपल्याकडच्या मोबाइल कंपन्या कितीतरी ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, आणि हॉस्टेलचं वायफाय तर उघडच सगळ्यांचं एक. म्हणजे हॉस्टेलमधल्या चाळीस जणांनी मनापासून गेम खेळला तरी मत एकाचंच धरणार, आणि पुढच्याला ‘आपण आधीच मत दिले आहे’ अशी पाटी दिसणार. उलट ज्याला लबाडी करायची आहे त्याने फोनचा फ्लाइट मोड चालू करून बंद केला की बहुतेक वेळा पत्ता बदलतो आणि नवं मत तयार. मी करून बघितलंय. हो, माझ्याच गेमसाठी. प्रामाणिक माणूस अडतो आणि फसवणारा सुटतो, असं हे फाटक आहे.

सरकारी निवडणुकीत बोटाला शाई लावतात. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यातली ती न पुसली जाणारी शाई आपल्याकडे वापरात आहे. ती चालते, कारण बोट माणसाला चिकटलेलं असतं. आयपी पत्ता माणसाला चिकटलेला नसतो. शाई पत्त्याला लावून काय उपयोग?

मागच्या भेटीत मिसळ खाताना तुमच्यातल्या एकाने मला अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो ऐकवला. १९५१ साली त्यांनी सिद्ध केलं की तीन किंवा जास्त पर्याय असले, की पसंतीक्रमावर चालणारी कुठलीही मतदान पद्धत सगळ्या वाजवी अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. बरोबर आहे, सिद्धान्ताशी माझं भांडण नाही. पण तो पसंतीक्रमाबद्दल आहे. एकाच मुलाने सकाळ-संध्याकाळ तेच बटण दाबणं कसं चालवून घ्यावं, याबद्दल ॲरो काही बोलत नाहीत. कुलूप कुठलंही फोडता येतं, म्हणून आपण दार सताड उघडं टाकून त्र्यंबकला जात नाही. (मिसळीचंही तसंच. नाशिकमध्ये ‘सगळ्यात भारी मिसळ कुठली’ विचारलं की प्रत्येक जण आपल्या घराजवळची सांगतो. त्यातून मिसळीपेक्षा त्या माणसाचा पत्ता जास्त कळतो.)

पसंतीक्रमाचं मतदान आपल्याला नवीनही नाही. माझी आई शिक्षिका. विधान परिषदेच्या नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघात तिने मत दिलंय. तिथे मतपत्रिकेवर केंद्रातल्याच जांभळ्या स्केच पेनने नावांपुढे १, २, ३ असे आकडे टाकायचे. पहिल्या पसंतीत कोणीच कोटा गाठला नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. एका जागेसाठी कोटा म्हणजे वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त. निकालाला उशीर होतो आणि लोक कंटाळतात. पण दुसरी पसंती लिहिताना आईला बाकीच्या उमेदवारांचा विचार करावा लागला, हे मी घरात बघितलंय. तुमच्या बटणात दुसऱ्या कुणाचा विचारच नाही.

यातलं मला सगळ्यात कामाचं वाटतं ते इंग्रजी टेक्स्ट गेमवाल्यांच्या आयएफकॉम्प या स्पर्धेचं. ती १९९५ पासून दरवर्षी होते. परीक्षक म्हणजे सामान्य खेळाडूच, कोणीही होऊ शकतो. गुण १ ते १०. अट अशी, की निदान पाच गेमना गुण दिल्याशिवाय तुमचे गुण धरलेच जात नाहीत. मोठ्या गेमच्या बाबतीत पहिल्या दोन तासांच्या खेळावर गुण द्यायचे, म्हणजे लांबलचक गेमवाल्याला आणि छोट्या गेमवाल्याला मोजपट्टी एकच. स्वतःच्या गेमला गुण देता येत नाहीत. आणि खेळाडूला हवी तर गेमची यादी त्याच्यापुरती उलटसुलट करून मिळते, म्हणजे वरचा गेम वर आहे म्हणूनच खेळला जातो असं होत नाही.

पाच गेमची ती अट पुन्हा वाचा. माझ्या मावसभावाच्या ग्रुपची सगळी हवा ती एकच ओळ काढून टाकते. दादासाठी मत द्यायचं तर आधी आणखी चार गेम उघडा. त्यातल्या तीस जणांनी कंटाळून सोडलं तर सोडू दे. जे दोघे-तिघे खरोखर पाच खेळतील त्यांच्यासमोर बसच्या थांब्यावरची ती बाई येईल. मग त्यांनी मला दहा आणि तिला दोन दिले तरी माझी काही हरकत नाही.

त्याच स्पर्धेत आणखी एक गंमत आहे. ज्या गेमबद्दल सगळ्यात जास्त मतभेद, म्हणजे काहींनी दहा दिले आणि काहींनी एक, त्याला ‘गोल्डन बनाना ऑफ डिस्कॉर्ड’ नावाचं बक्षीस मिळतं. भांडण लावणाऱ्या गेमचाही मान! आपल्याकडे असं काही ठेवलंत तर त्याचं नाव काय ठेवायचं यावरच सहा महिने भांडण होईल, आणि ते मला आवडेल.

सरासरीबद्दल थोडं गणित सांगतो, कारण ‘मतांऐवजी तारे ठेवू’ असं तुमच्यातले काही म्हणताहेत असं कानावर आलंय. नुसते तारे ठेवलेत तर खड्डा बदलेल, पडणं तेच. समजा एका गेमला चार जणांनी पाचपैकी पाच दिले. दुसऱ्याला साठ जणांनी सरासरी ४.४ दिले. नुसत्या सरासरीत चार मित्रांचा गेम वर जातो. उपाय जुना आणि सोपा आहे. प्रत्येक गेमच्या खात्यात आधीच दहा मध्यम मतं टाकून ठेवायची, प्रत्येकी साडेतीन ताऱ्यांची. मग पहिल्याचे होतात ५५ भागिले १४, म्हणजे साधारण ३.९३. दुसऱ्याचे २९९ भागिले ७०, म्हणजे ४.२७. खरी मतं वाढत गेली की त्या दहा मध्यम मतांचा प्रभाव आपोआप विरतो. आयएमडीबी या चित्रपटांच्या वेबसाइटने आपल्या पहिल्या अडीचशे चित्रपटांच्या यादीसाठी वापरलेलं सूत्र याच जातीचं. तुमच्या संगणकावर हे एका ओळीत बसेल, मी लिहून द्यायला तयार आहे.

आता मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त छळतो. मतं मोजायची पद्धत सुधारलीत, तरी मतं देताना आकडा समोर दिसत राहिला तर? २००६ साली सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी ‘सायन्स’ मध्ये एक प्रयोग छापला. फारशी कुणाला माहीत नसलेल्या बँडची ४८ गाणी, ऐकणारे १४,३४१. काहींना फक्त गाणी दिसली. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगां’त वाटलं, आणि प्रत्येक जगात आधीच्यांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं तो आकडा दाखवला. आकडे दिसले तिथे वरची गाणी आणखी वर गेली आणि खालची आणखी खाली. आणि कुठलं गाणं वर जाणार हे प्रत्येक जगात वेगळं ठरलं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीच्या थोड्या लोकांच्या हातात गेलं.

आपल्या यादीतले बहुतेक गेम मधलेच आहेत, माझाही. तो पहिल्या नंबरवर आहे म्हणून नवा माणूस पहिल्यांदा तोच उघडतो. पाच मिनिटं खेळतो, बरा वाटतो, मत देतो. त्याला खाली जायचं कारण काय? सुरुवातीला क्लासच्या मुलांनी जे ढकललं ते आता स्वतःच्या वजनाने चालतंय. मावसभावाने उद्या ग्रुप बंद केला तरी मी वरच राहीन.

बुद्धिबळवाल्यांकडे बघा. आपल्याच शहरात वाढलेला विदित गुजराथी २०१३ पासून ग्रँडमास्टर आहे, २०२३ मध्ये त्याने फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाची, ग्रँड स्विस स्पर्धा जिंकली. यूट्यूबवरही त्याचा मोठा चाहतावर्ग आहे. त्यातल्या एकाच्याही लाइकने त्याचं रेटिंग अर्ध्या गुणाने हलत नाही. अर्पाद एलो यांची रेटिंगची पद्धत फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. ती फक्त एवढंच विचारते, कोण कोणाशी खेळला आणि काय झालं. वरच्याला हरवलं तर जास्त गुण, खालच्याला हरवलं तर थोडे. गेमची लढत लावता येत नाही हे मान्य. पण ज्याने दोन गेम खेळलेत त्याला ‘या दोघांतला कुठला?’ एवढंच विचारता येतं. प्रत्येक उत्तर ही एक लढत धरा. अकरा मतांचा गेम तीनशे मतांच्या गेमशी समोरासमोर भिडेल आणि माझ्या मते जिंकेल. हे आत्ता करा असं मी म्हणत नाही. पंचवीस गेमसाठी ते जरा जास्तच होईल.

आत्ता करायचं ते सांगतो. ती चित्रं आजच काढा. त्याऐवजी मजकुरातला साधा प्रश्न ठेवा. गेमच्या शेवटच्या पानावरचा एक शब्द विचारला तरी चालेल, म्हणजे खेळलाय की नाही तेही कळेल. असा शब्द चोरून ग्रुपवर फिरवता येतो, माहीत आहे. पण प्रत्येक खेळाडूला वेगळा शब्द दाखवणं अवघड नाही. आयपीचं फाटक काढून ईमेलने खातं ठेवा, एका खात्याला एका गेमसाठी एकच मत, रोज नाही. दोन ईमेल काढणारे निघतील. निघू देत, ते रोज सकाळ-संध्याकाळ येणाऱ्यांपेक्षा कमी असतील. पाच गेमची अट घाला. मुखपृष्ठावर यादी उलटसुलट दाखवा, आणि क्रम बघायचाच असेल तर आत एका पानावर ठेवा, महिन्यातून एकदा बदलणारा. आणि जो गेम मताच्या बदल्यात काहीही देतो, कंदील असो की तलवार, त्याला यादीतून काढा. माझ्यापासून सुरुवात करा.

माझा गेम ज्या पुरावर बेतलाय त्याची एक गोष्ट. नाशिककराला पूर क्युसेकमध्ये कळत नाही. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं हे बातम्यांत येतं, पण आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून विचारतो, ‘दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलंय?’ पायाला, कमरेला, छातीला. १९६९ च्या पुराच्या गोष्टी सांगताना म्हातारी माणसं अजून त्याच मापात बोलतात. रामकुंडाजवळचा तो मारुती कुणाच्या ग्रुपवर नाही. त्याच्या कमरेला पाणी आहे की नाही हे काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला सारखंच दिसतं, आणि कुणी कितीही वेळा बटण दाबलं तरी ते बोटभरही चढत नाही. गेम लिहिताना मी हे पहिल्याच पानावर घातलं होतं. यादीत मत मागताना विसरलो.

परवा रात्री मी गेममधून ते कंदिलाचं बटण काढलं. आता वखारीत कंदील आधीपासूनच खुंटीला टांगलेला असतो, ज्याला दिसेल त्याने घ्यावा. मावसभावालाही सांगितलं. तो म्हणाला, पोरं विचारतील. मी म्हटलं, विचारू दे, त्यांना दुसऱ्या गेमची लिंक दे. त्याने विचारलं, कुठल्या? मी त्याला रात्रपाळीच्या बाईची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, ‘मत नको, नुसतं खेळायला सांग.’

आज सकाळी तुमच्या यादीत मी दुसरा आहे. पहिला कोण आला ते बघितलं. त्याच्या पानावर लिहिलंय, मत द्या आणि तीन हिरे मिळवा.

आपला,
‘पाणी चढतंय’ वाला
इंदिरानगर, नाशिक